स्तुतिगीत : चार स्वरांत की एकाच सुरात?

चर्चमधील स्तुतिगीते चार स्वरांत बसवावीत की वाद्यवृंदाच्या साथीने सर्वांनी एकाच सुरात गावीत, असा प्रश्न पडलेल्या मंडळीने आधी तयारीचा विचार करावा. सोप्रानो (स्त्रियांचा उंच स्वर), आल्टो (स्त्रियांचा खालचा स्वर), टेनर (पुरुषांचा उंच स्वर) आणि बास (पुरुषांचा खर्जातला स्वर) यांचा मेळ साधायला नियमित सराव लागतो. वाद्यवृंदाचे ध्रुवपद मात्र दोनदा ऐकताच ओठांवर येते. परंतु एकाच सुरात खर्जातल्या गायकांची वरच्या पट्टीत ओढाताण होते, तर चार स्वरांत प्रत्येकाला आपल्या गळ्याची जागा मिळते, आणि आपला स्वर इतर तिघांत मिसळतानाचा आनंद मला अतुलनीय वाटतो. शिवाय हे गायन वीज वा वाद्ये नसतानाही उभे राहते. मुले आणि नवखे अधिक असतील, तर वाद्यवृंद निवडावा. सरावाला वेळ देणाऱ्या गटाने चार स्वर.