‘त्रुटी : शून्य’ या ओळीपलीकडे : स्पिन मॉडेल चेकरचे परीक्षण

अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालत असतात आणि एकमेकींना संदेश पाठवून काम पुढे नेत असतात, तेव्हा सर्वांत चिवट बिघाड सहसा कोणत्याही एका प्रक्रियेच्या आत सापडत नाहीत. कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली, यावर ते अवलंबून असतात. नेहमीच्या चाचण्यांत यांपैकी मोजकेच क्रम प्रत्यक्षात घडतात आणि उरलेले घडतात ते प्रणाली वापरात आल्यानंतर. स्पिन हे साधन प्रणालीच्या एका लहान, औपचारिक मॉडेलवर हे सर्व क्रम पद्धतशीरपणे तपासून पाहते. जेरार्ड होल्झमन यांनी बेल लॅब्समध्ये ते घडवले, १९९१ पासून ते सर्वांना विनामूल्य मिळू लागले आणि एसीएम या संगणकक्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेचा २००१ सालचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार त्याला मिळाला. तेव्हा साधन जुने आहे, हे खरे; ते आज वापरावे का आणि वापरल्यास त्याच्या निकालावर किती विसंबावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

मॉडेल प्रोमेला नावाच्या भाषेत लिहावे लागते. ती वरवर सी भाषेसारखी दिसते, परंतु तिचा पिंड वेगळा आहे. एखादे विधान त्या क्षणी अमलात येण्याजोगे नसेल, तर प्रक्रिया तेथेच थांबते. एकाहून अधिक पर्याय खुले असतील, तर त्यांतील कोणताही निवडला जाऊ शकतो आणि तपासणीत ते सर्वच निवडून पाहिले जातात. संदेश वाहून नेणाऱ्या चॅनेलची क्षमता, म्हणजे त्यात एका वेळी किती संदेश मावतात ते, आधीच ठरवून द्यावी लागते आणि ती शून्य ठेवली, तर पाठवणारा आणि घेणारा एकाच पावलात भेटतात. क्षमतेची ही सक्ती सुरुवातीला जाचक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. अमर्याद रांगांतून बोलणारी केवळ दोन सांत अवस्थायंत्रे (मोजक्याच अवस्थांतून फिरणारी काल्पनिक यंत्रे) घेतली, तरी ती अडकून पडतील की नाही हे प्रत्येक बाबतीत ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ब्रँड आणि झाफिरोपुलो यांनी १९८३ मध्येच दाखवले आहे.

साधनाची खरी ताकद दिसते ती प्रतिउदाहरणात, म्हणजे बिघाडापर्यंत नेणारा घटनाक्रम दाखवून देण्यात. समजा, क्लायंट सर्व्हरला विनंत्या पाठवतो आणि सर्व्हर उत्तरांबरोबरच स्वतःहून सूचनाही क्लायंटकडे पाठवतो. दोन्ही दिशांच्या रांगांत प्रत्येकी दोनच संदेश मावतात. एखाद्या क्रमात दोन्ही रांगा भरतात, क्लायंट तिसरी विनंती पाठवण्यासाठी थांबतो, सर्व्हर तिसरी सूचना पाठवण्यासाठी थांबतो आणि दोघांपैकी कोणीच समोरचा संदेश उचलत नाही. स्पिन या स्थितीला अवैध अंतिम अवस्था म्हणून नोंदवते आणि तेथवर पोहोचणारी सगळी वाट पावलापावलाने पुन्हा चालवून दाखवते. रुंदी-प्रथम शोध (आधी कमी पावलांवरच्या सर्व अवस्था पाहणारा) निवडला, तर तीच वाट सर्वांत आखूड रूपात हाती येते. अशा प्रसंगी रांगेची क्षमता वाढवून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. मॉडेलमध्ये दोनाच्या जागी चार लिहून तपासणी पुन्हा चालवली, की डेडलॉक, म्हणजे दोघांनीही एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे, तसाच राहिलेला आणि वाट मात्र लांबलेली दिसते. क्षमता वाढवल्याने बिघाड विरळ होतो, नाहीसा होत नाही, हे बैठकीत पटवून देण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

अशी अडचण न निघाल्यास अहवालात ‘त्रुटी : शून्य’ अशी ओळ येते आणि माझ्या मते संपूर्ण अहवालातील सर्वांत कमी माहिती देणारी ओळ तीच असते. शोधाची कमाल खोली मुळात १०,००० पावले असते. ती अपुरी पडल्याचा इशारा वर छापलेला असूनही खाली त्रुटींची संख्या शून्यच राहू शकते. अहवालाच्या शेवटी प्रत्येक प्रक्रियेतील कोणती विधाने एकदाही गाठली गेली नाहीत, याची यादी येते आणि ती वाचल्याखेरीज निकाल स्वीकारू नये. ‘प्रत्येक विनंतीला कधी ना कधी उत्तर मिळते’ हे विधान कालिक तर्कशास्त्रात (घटनांचा काळातील क्रम मांडणाऱ्या तर्कशास्त्रात) लिहून तपासता येते, परंतु मॉडेलमधील चुकीमुळे विनंती कधी निघतच नसेल, तरीही ते विधान खरे ठरते. अनेक विधाने एका अखंड पावलात बांधण्याची सोयही अशीच दुधारी आहे. तिने अवस्थांची संख्या झपाट्याने घटते, मात्र ज्या गुंतागुंतीत बिघाड दडलेला असतो, तीच कधीकधी त्याबरोबर पुसली जाते.

विश्वासार्ह संवादाच्या दृष्टीने वेळेचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. प्रोमेलातील ‘टाइमआउट’ म्हणजे घड्याळ नव्हे. इतर कोणतेही विधान अमलात येऊ शकत नसेल, तेव्हाच ती अट खरी होते. प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये मात्र संदेश मिळाल्याची पोच वाटेत असतानाच ती येण्यासाठी ठरवलेली मुदत संपते, संदेश पुन्हा धाडला जातो आणि घेणाऱ्याकडे एकच मागणी दोनदा पोहोचते. हा अकाली टाइमआउट तपासायचा असेल, तर पुन्हा पाठवण्याचा पर्याय कोणत्याही क्षणी खुला ठेवावा लागतो. संदेश हरवणे आणि त्यांचा क्रम बदलणे यांचेही वर्तन मॉडेलमध्ये आणावे लागते, अन्यथा तपासणी एका आदर्श तारेची होते.

अवस्थांचा स्फोट, म्हणजे तपासायच्या अवस्थांची संख्या आवाक्याबाहेर वाढणे, ही या पद्धतीची मूळची मर्यादा आहे. प्रत्येकी दहा अवस्थांच्या दहा स्वतंत्र प्रक्रिया घेतल्या, तरी एकत्रित अवस्था एक हजार कोटी होतात. परस्परांवर परिणाम न करणारे क्रम वगळून स्पिन हा भार बराच हलका करते. तरीही मेमरी अपुरी पडली, तर प्रत्येक अवस्थेसाठी काही मोजकेच बिट वापरणारी पद्धत उपलब्ध आहे. तिने काढलेली त्रुटी खरीच असते, पण काही अवस्था तिच्या नजरेतून सुटू शकतात, म्हणून तिच्या ‘शून्या’ला सिद्धतेचा मान देता येत नाही.

मॉडेल आणि प्रत्यक्ष प्रोग्राम यांतील अंतराबाबत नासाच्या डीप स्पेस १ यानाचे उदाहरण बोलके आहे. यानाच्या रिमोट एजंट या स्वयंचलित नियंत्रण प्रणालीच्या एका भागाचे मॉडेल १९९७ मध्ये स्पिनने तपासले, तेव्हा समवर्ती (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांच्या) वर्तनातील पाच त्रुटी सापडल्या. पुढे मे १९९९ मध्ये यान अवकाशात असताना ती प्रणाली एका डेडलॉकमध्ये अडकली. तो तपासणीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या भागात होता आणि त्याचे स्वरूप आधी सापडलेल्या एका त्रुटीसारखेच होते. साधनाची उपयुक्तता आणि तपासणीची व्याप्ती ठरवण्याची जबाबदारी, दोन्ही या एका घटनेत दिसतात.

पर्यायांचा विचार करता, प्रोग्राम आणि संवादाचा करार यांत अंतरच नको असेल, तर कोहेइ होंडा यांनी पाया घातलेले सेशन टाइप्स (हा करार प्रोग्रामच्या भाषेतच लिहिण्याची पद्धत) अधिक जवळचे ठरतात, कारण कोणी काय आणि कोणत्या क्रमाने पाठवायचे याची तपासणी कंपाइल होतानाच होते; अनेक सेशन एकमेकांत गुंतली, की मात्र डेडलॉक नसल्याची हमी आपोआप मिळत नाही. डेटाची रचना गुंतागुंतीची असल्यास लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही प्रणालीचे औपचारिक वर्णन लिहिण्याची भाषा मोकळी वाटते, कारण प्रोमेलात अपूर्णांकही नाहीत आणि संचही नाहीत.

स्पिनचा खिडक्यांचा दर्शनी भाग जुनाट आहे आणि त्रुटीसंदेश त्रोटक आहेत; त्यामुळे टर्मिनलवरूनच काम करणे सोयीचे पडते. तपासणीचा प्रोग्राम साधन स्वतः सी भाषेत तयार करून देते, तो कंपाइल करण्यासाठी सी कंपाइलर हाताशी असावा लागतो आणि योग्य पर्याय निवडण्यासाठी दस्तऐवज बारकाईने वाचावे लागतात. २०१६ पासून मूळ प्रोग्राम बीएसडी या मुक्त परवान्याखाली असल्याने व्यावसायिक वापरालाही आडकाठी नाही. मर्यादित प्रक्रिया, मर्यादित रांगा आणि स्पष्ट संदेशक्रम असलेला प्रोटोकॉल रचणाऱ्याने प्रोग्राम लिहिण्याआधीच हे साधन वापरावे, असे मी सुचवीन. ठरावीक मिलिसेकंदांत उत्तर मिळते की नाही हाच ज्यांच्या प्रश्नाचा गाभा आहे, त्यांनी मात्र घड्याळांसह अवस्थायंत्रे तपासणाऱ्या उप्पाल या साधनाकडे वळावे.