फोल्डस्कोप रिव्ह्यू: पेशीपटल दिसत नाही, पण काम करताना पकडता येतं

घरात अकरावी-बारावी सायन्सची पोरं असतील तर हे जरूर वाचा. फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदाचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या लॅबमध्ये तयार झालेला. २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला तेव्हा सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत आहे हे वाचून भलेभले चाट पडले होते. कागद पाण्याने भिजत नाही, भिंग म्हणजे काचेचा एवढुसा मणी, आणि दाखवतो १४० पट मोठं. शिवाय चुंबक लावून मोबाईलच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो. जोडायचा कसा याचे व्हिडिओ ढिगाने आहेत त्यामुळे ते लिहीत बसत नाही. मी तो घेतला एकाच कामासाठी, भाचीला पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं अतिशय पातळ आवरण, समजावायला, कारण तिला फ्लुइड मोझॅक मॉडेलची (पटलाच्या रचनेची) आकृती झोपेतून उठवलं तरी काढता येते पण हे पटल नेमकं करतं काय विचारलं की गाडी अडते.

आता महत्त्वाचं. यातून पेशीपटल दिसत नाही. दिसूच शकत नाही. पटलाची जाडी साधारण ७-८ नॅनोमीटर, आणि याची नजर साधारण २ मायक्रॉनपर्यंत (२००० नॅनोमीटर) जाते, म्हणजे पटल त्याच्याही अडीचशे पट बारीक. कॉलेजच्या लॅबमधला महागडा मायक्रोस्कोप आणलात तरी तेच, साध्या उजेडात २०० नॅनोमीटरच्या खालचं काही नीट दिसत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन काळ्या रेघा दिसल्या तेव्हा कुठे पटलाचं थेट दर्शन झालं. त्यामुळे पुस्तकातली आकृती डोळ्यांनी बघायची म्हणून घेणार असाल तर नका घेऊ.

पण पटल काय करतं हे मात्र यात इतकं लख्ख दिसतं की मला पैसे वसूल वाटले.

रिओचं पान घ्यायचं, वरून हिरवं खालून जांभळं, बऱ्याच सोसायट्यांच्या कुंड्यांत आणि बागांत असतं. पान तिरकं फाडलं की जांभळ्या बाजूची पातळ पारदर्शक साल सुटते, ती पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवून वर कव्हरस्लिप. खिडकीकडे धरून बघायचं (थेट सूर्याकडे अजिबात नाही, पोरांना आधीच बजावा). एकाला एक चिकटलेल्या पेशी, प्रत्येक काठोकाठ जांभळी, मध्येमध्ये पर्णरंध्रांच्या हिरव्या जोड्या. भाची पाच मिनिटं डोळा काढेना. मग स्लाइड टेबलावर ठेवून कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि दुसऱ्या कडेला टिश्यूचा तुकडा टेकवायचा म्हणजे आतलं साधं पाणी ओढलं जातं आणि मिठाचं आत शिरतं. मीठ म्हणाल तर अर्धी वाटी पाण्यात चहाचा एक सपाट चमचा. थोडं थांबून परत बघितलं तर जांभळा भाग भिंत सोडून आत आक्रसलेला, आधी कोपऱ्यांतून सुटतो मग गोळा होत जातो. पेशीतलं पाणी बाहेरच्या मिठाच्या पाण्याकडे निघून जातं, पुस्तकातला रससंकोच तो हाच.

इथे भाचीने विचारलं, मावशी मग भिंत आणि जांभळ्याच्या मधल्या जागेत काय आहे, हवा? मला या प्रश्नाचाच सगळ्यात जास्त आनंद झाला. हवा नाही, तिथे मिठाचं पाणी आहे! पेशीभित्तिका त्याला अडवत नाही, मीठ बिनधास्त आत येतं आणि जांभळ्याच्या कडेला येऊन थांबतं, आणि जिथे थांबतं तिथेच पेशीपटल आहे. पटल दिसत नाही पण ते कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. (काटेकोर बोलायचं तर जांभळा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, असतो, तिचं स्वतःचं पटल वेगळं, पण मोठ्या रिक्तिकेमुळे मधला पेशीद्रवाचा थर इतका पातळ असतो की यात दोन्ही कडा एकच दिसतात.) नंतर साधं पाणी फिरवलं की बऱ्याच पेशी परत फुगतात, फक्त मिठात फार वेळ ठेवायच्या नाहीत.

मीठ का अडतं आणि पाणी का जातं हे मग आपोआप समजावता येतं. पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचं बनलेलं असतं. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून असे रेणू पाण्यात दुहेरी थर करून बसतात, शेपट्या आत. त्या तेलकट मधल्या भागातून मिठाचे आयन जाऊ शकत नाहीत. पाणी थोडं थेट झिरपतं आणि बरंचसं अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटेने जातं, त्यासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थर दुहेरी आहे हे १९२५ मध्ये नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींवरून मांडलं. या पेशींच्या आत दुसरं पटलच नसतं, त्यामुळे निघालेला सगळा मेद बाहेरच्या पटलाचाच. तो पाण्यावर एका रेणूच्या थरात पसरला तर पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापली. गंमत म्हणजे त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं, दोन्ही एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. ही गोष्ट शिकवताना कुणी सांगत का नाही मला कळत नाही, पोरं कान टवकारून ऐकतात.

आणखी एक करून बघाच. नवीन सालीवर मिठाऐवजी सॅनिटायझरचा थेंब. जांभळा रंग पेशीत राहतच नाही, बाहेर पसरून फिका पडत जातो, कारण अल्कोहोलने पटल बिघडवलं. त्यानंतर मीठ टाका, काहीही आक्रसणार नाही. कोरोनाच्या विषाणूवर मेदाचं आवरण होतं आणि साबण-सॅनिटायझर त्यालाच मोडायचे, हे तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, पण मेदाचं पटल मोडतं म्हणजे काय होतं ते इथे समोर दिसतं.

पटल घट्ट नसून प्रवाही असतं, हे मात्र यातून दाखवता येत नाही. त्यासाठी मी स्वयंपाकघरात गेले, थंडीत तूप थिजतं आणि शेंगदाणा तेल पातळ राहतं, तुपातल्या मेदाच्या बऱ्याच सरळ शेपट्या दाटून बसतात, तेलातल्या वाकलेल्या बसत नाहीत, पटलातही तसंच. तेवढं पुरलं.

तक्रार आहे ती दुकानाची. ज्या ऑनलाइन दुकानातून मागवला त्यांनी यादीत लिहूनही कव्हरस्लिप पाठवल्याच नाहीत, मेलला उत्तर नाही, शेवटी गावातल्या सायंटिफिकच्या दुकानातून डबी आणली. वापरायलाही थोडा सराव लागतो, अंगठ्याने फोकस सरकवताना सुरुवातीला चित्र निसटतं. स्लाइड उभी धरायची असल्याने पाणी एका बाजूला ओघळतं, त्यामुळे जास्तीचं पाणी टिपून घ्या आणि कव्हरस्लिपच्या दोन कडांना बारीक सेलोटेप लावा, दोन कडा मीठ सोडायला मोकळ्या ठेवा.

रिओ नाही मिळालं तर लाल कांदा चालतो, फक्त पाकळीच्या बाहेरच्या फुगीर बाजूची रंगीत साल घ्यायची, आतल्या बाजूची साल बिनरंगाची असते, त्यात आक्रसलेलं ओळखायला जड जातं.