मुरवायला काय ठेवायचं, रोशफोर १० की इम्पीरियल स्टाउट?

कपाटात चार-सहा बाटल्यांचीच जागा आहे आणि स्ट्राँग डार्क बिअर दोनेक वर्षं ठेवून बघायचीय, तर बेल्जियन घ्यायची का स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळीभोर बिअर? माझं मत स्पष्ट आहे, ठेवायला बेल्जियन, स्टाउट आणली की पिऊन टाकायची.

रोशफोर १० बघा. बेल्जियममधल्या सेंट रेमी मठातली, ११.३ टक्के अल्कोहोल, बाटलीत जिवंत यीस्ट असतं आणि आत राहिलेला थोडाफार ऑक्सिजन ते खाऊन टाकतं, म्हणून ही पटकन शिळी होत नाही, मुरते. ताजी असताना अल्कोहोल घशाला टोचतं, मसाल्याची चव पुढे असते. दोन-तीन वर्षांनी उघडली की ती धार गेलेली असते आणि अंजीर, खजूर, मनुका, काकवी असं एकेक वर यायला लागतं, मला तर ती तेव्हाच खरी आवडते. दुसरी बेल्जियन, शिमे ब्लू, ९ टक्क्यांची आहे पण तीही छान मुरते, ७५० मिलीची बाटली मिळाली तर तीच घ्या, छोटीपेक्षा सावकाश बदलते आणि लेबलवर साल असतं त्यामुळे हिशोब सोप्पा.

आता इम्पीरियल, म्हणजे जास्त स्ट्राँग स्टाउट. कॅलिफोर्नियाची ओल्ड रास्पुतिन, ही पण ९ टक्के. ताजी असताना भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), डार्क चॉकलेट, हॉप्सच्या फुलांचा कडूपणा सगळं दणकून येतं. ठेवली की हॉप्स आधी मावळतात आणि गोडवा उरतो, वाईट नाही लागत, पण ज्या दणक्यासाठी आणली तोच गेला ना! बोर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरवलेल्या स्टाउट जरा जास्त टिकतात. कॉफीवाली मात्र अजिबात ठेवू नका, मी एक पुण्याला किचनच्या कपाटात ठेवलेली, अख्खा मे महिना तिथेच गेला, दिवाळीत उघडली तर कॉफी गायब, हिरव्या मिरचीसारखा वास आणि मागून सोया सॉस. खूप वाईट वाटलं.

त्यामुळे आपल्याकडे जागा हा मोठा प्रश्न आहे. १०-१३ अंश, अंधार आणि बाटली उभी, हे जमायला वाइन फ्रिज लागतो. नसेल तर साध्या फ्रिजचा खालचा कप्पा, सावकाश मुरेल पण उन्हाळ्यात वाया जाणार नाही.

एकाच बॅचच्या तीन घ्या, एक लगेच उघडा म्हणजे पुढे फरक कळेल. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, ग्लासात हळू ओता, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या.