किंडल की टॅब? पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी

घोडबंदर रोडच्या कोंडीत मूल मागच्या सीटवर तासभर बसणार असेल, तर माझं मत किंडलला, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायच्या अ‍ॅमेझॉनच्या यंत्राला. त्याचा ई-इंक, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा भर उन्हातही स्वच्छ दिसतो, एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघायला नको. आणि मुख्य म्हणजे त्यावर कार्टून लागत नाही!

पण साधं किंडल कृष्णधवल. चित्रांची पुस्तकं त्यावर अगदीच बापुडवाणी दिसतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पण त्यांची पीडीएफ एवढ्याशा पडद्यावर वाचायची म्हणजे डोळे ताणणं आलं. तिथे टॅबच हवा: रंग, मोठी पानं, काही गोष्टी तर ऐकताही येतात.

टॅबची खोड सगळ्यांना ठाऊक आहे. यूट्यूब एका टिचकीवर, आणि पासवर्ड मुलं आपल्या खांद्यावरून बघून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 2 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला 1 तास सांगितली. त्यामुळे बालवाडीतल्यांसाठी छापील पुस्तकंच आणा.

जोडाक्षरांवर अडखळत का होईना, पण स्वतः वाचणाऱ्याला किंडल द्या. अजून चित्रांतच रमणाऱ्यासाठी घरातला जुना टॅब पुरे, आजी-आजोबा शेजारी बसणार असतील तर.