पीपीआरची लस (सुंगरी ९६ या विषाणू-वाणाची): ममदापूरच्या काळविटांशेजारी शेळ्या असतील तर

येवला तालुक्यात, ममदापूरच्या राखीव माळाला लागून ज्यांची जनावरं चरतात, त्यांनी ही लस चुकवू नये. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, काळविटालाही होऊ शकते. २०१६-१७ मध्ये मंगोलियात ती पाळीव कळपांतून सैगा या तिथल्या हरणासारख्या प्राण्यांमध्ये गेली आणि हजारो सैगा मेले. काळवीट धरून टोचणं जमण्यासारखं नाही, धरपकडीच्या धसक्यानेच ते दगावू शकतं. तेव्हा बंदोबस्त शेळीकडूनच.

गुणाला लस चोख आहे. चार महिन्यांच्या करडापासून पुढे, कातडी चिमटीत धरून खाली १ मिली. एका टोचणीत साधारण तीन वर्षांची निश्चिंती. मोहिमेत सरकारी दवाखान्याकडून मोफत मिळते.

रडगाणं आहे ते बाटलीचं. शंभर मात्रांची बाटली फोडून द्रावकात (लस कालवायच्या पाण्यात) कालवली की दोन तासांत संपवावी लागते. वस्तीवर शेळ्या बारा, मग उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या टोचायचा मोह होतो. उद्या टोचाल ते जवळपास नुसतं पाणी, कारण आतला विषाणू जिवंत हवा आणि कालवल्यावर तो फार टिकत नाही, उष्णतेने तर आणखी लवकर मरतो. द्रावकसुद्धा थंडच हवा, बाटली बर्फाच्या डब्यात, सावलीत. सिरिंज स्पिरिटने धुऊ नका, त्यानेही लस मरते. उकळून गार केलेली किंवा नवी वापरा. चार-पाच वस्त्यांनी एकाच सकाळी शेळ्या गोळा केल्या तर बाटली वाया जात नाही, आणि आजूबाजूच्या सगळ्या कळपांना एकदम संरक्षण मिळतं. एकट्यादुकट्याने टोचून काळविटांना फारसा उपयोग नाही.

ताप, नाकाडोळ्यांतून चिकट पाणी, तोंडात फोड, हगवण दिसत असेल तर त्या जनावराला लस देऊन उपयोग नाही; आधी वेगळं बांधा, डॉक्टरांना बोलवा. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे कळपात सोडू नका. लस झाली तरी अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे टोचल्या दिवशीच काळविटांच्या पाणवठ्यावर कळप नेणं शहाणपणाचं नाही.

अमेरिकेत हरणांच्या सीडब्ल्यूडी या मेंदू पोखरणाऱ्या रोगावर लसच नाही; तिथे शिकारी मारलेल्या हरणाचं मुंडकं तपासायला देतात, त्यावरून साथ कुठवर आली ते कळतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, म्हणजे ही नजर मेंढपाळांनीच ठेवायची. मेलेलं काळवीट दिसलं तर हात न लावता, कुत्री लांब ठेवून, वनखात्याच्या १९२६ वर कळवा.