सीपी२००० नोटीस: पैसे भरून मोकळं व्हायचं की कागद पाठवून नाही म्हणायचं?

अमेरिकेत नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर हे सहज घडतं. २०२४ साली रॉथ आयआरएमध्ये (कर भरून झालेले पैसे ठेवायचं निवृत्ती खातं) ७,००० डॉलर भरले. नोव्हेंबरात लक्षात आलं की दोघांचं मिळून उत्पन्न २,४०,००० डॉलरच्या पुढे चाललंय, म्हणजे रॉथमध्ये थेट काहीच भरता येत नाही. लगेच चूक सुधारली. ती रक्कम वाढीसकट ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (पैसे काढताना कर लागणारं निवृत्ती खातं) रीकॅरेक्टराइझ केली, म्हणजे मुळात तिथेच भरली होती असं धरून वळवली, आणि डिसेंबरात ७,४२० डॉलर कन्व्हर्ट करून रॉथमध्ये आणले. सगळं नियमात झालं. तरी पुढे आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, पाकीट येतं. आत सीपी२००० नोटीस असते की ७,४२० डॉलर उत्पन्न दाखवलेलं नाही. २४ टक्क्यांच्या टप्प्यात हा कर सुमारे १,७८१ डॉलर होतो, वर व्याज.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: सीपी२००० हे बिल नाही, प्रस्ताव आहे. गोम असते निवृत्ती खात्यातून निघालेले पैसे कळवणाऱ्या १०९९-आर फॉर्ममध्ये. खातं सांभाळणारी कंपनी त्यावर बहुधा पूर्ण रक्कम करपात्र म्हणून लिहिते आणि शेजारी ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’ या चौकटीत खूण करते. ७,००० डॉलरवर आधीच कर भरलाय, हे सांगायची जागा म्हणजे फॉर्म ८६०६. रिटर्नसोबत तोच राहून गेला असेल, तर आयआरएसला सगळीच रक्कम करपात्र दिसते.

सही करून पैसे भरले तर डोक्याचा ताप लगेच मिटतो, व्याजही थांबतं. पण वरच्या उदाहरणात खरा कर फक्त ४२० डॉलर वाढीवर, म्हणजे सुमारे १०१ डॉलर. उरलेले १,६८० डॉलर न लागणारे. ते नंतर १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरून मागता येतात. मुदत रिटर्न भरल्यापासून ३ वर्षं किंवा पैसे भरल्यापासून २ वर्षं, यातली जी नंतर संपेल ती. स्वतःचेच पैसे परत मागायला पुन्हा अर्ज करायचा, हे मला पटत नाही.

असहमती कळवायला मेहनत लागते, पण माझं मत ठामपणे याच बाजूनं आहे. उत्तराच्या फॉर्मवर ‘सहमत नाही’ निवडा. ४२० डॉलरवरचा कर मान्य आहे, हेही स्वच्छ लिहा. सोबत सही केलेला फॉर्म ८६०६, रीकॅरेक्टरायझेशनचा १०९९-आर (त्याच वर्षी केलं असेल तर कोड एन, पुढच्या वर्षी केलं असेल तर आर), कंपनीचं विवरणपत्र आणि अर्ध्या पानाचं तारीखवार पत्र जोडा. नुसती असहमती कळवायला १०४०-एक्स लागत नाही. रिटर्नमध्ये आणखी काही दुरुस्त करायचं असेल तरच तो भरा. मग वर ‘सीपी२०००’ लिहून उत्तराच्या मागे जोडा.

एका प्रसंगात मात्र हात आखडता घ्या. जुन्या नोकरीचं ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं, तुम्ही ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आणून ठेवलंय का? ३१ डिसेंबरला तिथे शिल्लक असेल तर कर न लागणारा भाग सगळ्या रकमेच्या प्रमाणात विभागला जातो. समजा तिथे ६३,००० डॉलर पडून आहेत. मग ७,००० चा हिस्सा एकूण ७०,४२० मध्ये जेमतेम १० टक्के, आणि कन्व्हर्जनचा बराचसा भाग खरोखरच करपात्र. तेव्हा नोटीस जवळजवळ बरोबर असते. आधी ८६०६ भरून आकडा काढा, मगच बाजू ठरवा. इथे सीपीएला (अमेरिकेतल्या सीएला) दिलेली फी वाया जात नाही.

उत्तराची तारीख नोटिशीवर छापलेली असते: साधारण ३० दिवस, आणि तुम्ही भारतात परतला असाल तर ६०. कागद जमत नसतील तर नोटिशीवरच्या नंबरवर फोन करून मुदत मागा. गप्प राहिलात तर पुढची कायदेशीर नोटीस येते. तिथून ९० दिवसांत, देशाबाहेर असाल तर १५० दिवसांत, टॅक्स कोर्टात जाता येतं. अर्जाची फी ६० डॉलर.