लुकोआच्या तोंडी कोणाचं वाक्य? इंग्रजी डब आठ महिने ऐकल्यावर

मागच्या दिवाळीत अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, दाखवणाऱ्या एका स्ट्रीमिंग सेवेचं सबस्क्रिप्शन घेतलं, ते ताईसाठी. ती घरी शिवणकाम करते. मशीनवर बसून सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून तिला इंग्रजी डब लागतो. मी पुण्यात जपानी शिकतो, एन४ ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा झाली आहे. त्यामुळे संध्याकाळी तिच्याबरोबर डब ऐकायचा आणि रात्री तोच भाग मूळ जपानीत बघायचा, अशी सवय लागली. आठ महिन्यांत बऱ्याच मालिका अशा दोनदा झाल्या.

आधी चांगलं सांगतो. डबमधला अभिनय उत्तम असतो आणि काम फार अवघड आहे. पात्राच्या ओठांची उघडझाप आधीच काढलेली असते, वाक्य तेवढ्याच वेळात बसवावं लागतं. जपानीत क्रियापद आणि नकार मराठीसारखे शेवटी येतात, इंग्रजीत ते आधीच कळून जातं. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवा, असा माझा हट्ट मुळीच नाही.

काही गोष्टी इंग्रजीत येतच नाहीत. ‘मिस कोबायाशीज ड्रॅगन मेड’ या विनोदी मालिकेतली तोहरू ही माणसाच्या रूपातली ड्रॅगन, कोबायाशी नावाच्या बाईच्या घरी कामाला असते. ती कोबायाशीशी अदबीने बोलते, आपण ‘अहो-जाहो’ करतो तशी. काहींशी बोलताना मात्र तिचा सूर एकदम बदलतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठी कानाला हे लगेच जाणवतं. पण हा त्या भाषेचा नाइलाज आहे, त्याबद्दल कोणावर राग नाही.

राग आहे तो याच मालिकेच्या 12व्या भागातल्या एका प्रसंगाबद्दल. 2017मध्ये फनिमेशन या अमेरिकन कंपनीच्या इंग्रजी डबवरून चाहते खवळले ते याच प्रसंगामुळे. नेहमी तोकड्या कपड्यांत वावरणारी, तोहरूची ड्रॅगन मैत्रीण लुकोआ अंगभर कपडे घालून येते. तोहरू विचारते, हे काय घातलंयस? मूळ उत्तराचा भाव असा: सगळे सारखं काहीतरी बोलत असतात, म्हणून जरा अंग झाकलं, कसं वाटतंय? त्यावर तोहरू म्हणते, आता ते शरीरच बदलून बघ. साधा, थोडा चावट विनोद. डबमधली लुकोआ म्हणते की पितृसत्ताक समाजाच्या अपेक्षांचा वैताग आला होता, म्हणून कपडे बदलले. तोहरूचं उत्तरही बदललं आहे: आठवडाभर थांब, पुन्हा आधीसारखी हो म्हणून हेच लोक विनवतील.

ओठांच्या हालचालीसाठी ‘पितृसत्ता’ लागत नाही. मूळ वाक्य त्या वेळात सहज बसलं असतं. पितृसत्तेवरची टीका मला पटते, आमच्या घरातच तिची उदाहरणं आहेत. तरीही ते लुकोआचं म्हणणं नव्हतं. मी ताईला मूळ संवाद सांगितला तेव्हा तिने मशीन थांबवलं आणि विचारलं, “म्हणजे मी ऐकलं ते ती बोललीच नव्हती?” ताईला जपानी येत नाही. ती डबवर पूर्ण विश्वास टाकून ऐकते, म्हणून मला हे लागलं. त्याआधी ‘प्रिझन स्कूल’ या मालिकेच्या डबमध्येही ‘गेमरगेट’ हा व्हिडिओ गेमच्या जगातला 2014चा अमेरिकन वाद घुसवला होता. जपानी शाळेतल्या पात्राला त्याच्याशी काय देणंघेणं?

पण हीच फूटपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. ‘सेलर मून’ या जुन्या मालिकेतल्या हारुका आणि मिचिरू एकमेकींच्या प्रेयसी आहेत. 2000 सालच्या इंग्रजी डबने त्यांना चुलतबहिणी केलं. तेही राजकारणच होतं, आणि लुकोआच्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठं. एका वाक्याऐवजी अख्खं नातं पुसलं गेलं. लुकोआवरून चिडणाऱ्याला हारुका-मिचिरूबद्दल काहीच वाटत नसेल, तर त्याचा राग भाषांतरासाठी आहे असं मी मानणार नाही.

आणि चिडलेल्या चाहत्यांनी डबच्या कलाकारांना शिवीगाळ करणं, धमक्या देणं याचं कोणत्याही वाक्याने समर्थन होत नाही. भाषांतरकारांना काढून सगळं यंत्राकडे द्या, ही मागणीही मला घातक वाटते. जुलै 2025मध्ये ‘नेक्रोनोमिको अँड द कॉस्मिक हॉरर शो’ या मालिकेच्या जर्मन सबटायटलमध्ये चॅटजीपीटी या एआय प्रोग्रॅमचं नाव तसंच राहून गेलं होतं. कोणी माणसाने ते एकदा जरी वाचलं असतं, तर पडद्यावर आलं नसतं. तोहरूची अदब कुठे सुटते, हे ऐकणारा कान लागतो.

माझ्या सेवेबद्दल एक तक्रार आहे. डब लावून सबटायटल चालू केले की बऱ्याचदा ते जपानीवरून केलेले असतात, डबशी जुळत नाहीत. ताई गोंधळते. मला मात्र त्याचाच उपयोग झाला, डबने कुठे वाट सोडली ते तिथल्या तिथे दिसतं. डबचे वेगळे सबटायटल द्यावेत, पण हेही काढू नयेत.

सेवेला पाचपैकी साडेतीन देतो. सबस्क्रिप्शन चालू ठेवतोय. विनोदी मालिका असेल तर आधी जपानीत बघा, कारण वाक्यं सर्वात जास्त तिथेच बदलतात. मारामारीच्या मालिकांना डब खुशाल लावा. ताईचं सध्या तेच चालू आहे, ब्लाउजच्या ऑर्डरी संपेपर्यंत.